आपत्काळाची बेगमी : अल्प खर्चातील धान्यसंग्रह आणि आयुर्वेदाची दृष्टी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी अभ्यासला आहे. ग्रीष्माच्या शेवटच्या मासात, कांपिल्य राजधानीजवळ गंगातीरावरील वनात विहार करीत असता भगवान आत्रेय अग्निवेशास सावध करतात. ग्रह-नक्षत्रांची आणि ऋतूंची लक्षणे विपरीत दिसू लागली आहेत, लवकरच भूमी औषधींना यथायोग्य रस-वीर्य देणार नाही, म्हणून ती विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा, असा त्यांचा आदेश आहे. वायू, उदक, देश आणि काल या चार भावांच्या दुष्टीचे विवेचन त्यानंतर येते. आपल्या अध्यापनात आणि चर्चासत्रांत या चार भावांचा ऊहापोह पुष्कळ होतो. त्याआधी आलेला संग्रहाचा आदेश मात्र बहुधा प्रस्तावनेतील एक वाक्य म्हणून वाचला जातो व मागे पडतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच आदेशाचा विचार अन्नाच्या अंगाने करणार आहोत. औषध आणि आहार यांची सीमारेषा आपल्या शास्त्राने कधीच ठळक आखलेली नाही, त्यामुळे हा विस्तार अस्थानी ठरू नये.

नवी मुंबईच्या रहिवाशास धान्यसंग्रहाविषयी सांगावे तर तो सहसा हसतो. मुंबई महानगरास धान्य, मसाले, कांदा-बटाटा, भाजी आणि फळे पुरविणारी कृषी उत्पन्न बाजार समिती वाशीत, म्हणजे त्याच्या दाराशी आहे. त्यास तुटवडा कसला? या विश्वासाची परीक्षा मे २०२० मध्ये झाली. करोनाचा प्रादुर्भाव बाजार आवारात वाढल्याने समितीचे पाचही बाजार ११ ते १७ मे या काळात बंद ठेवावे लागले. बाजाराजवळ राहण्याचा त्या आठवड्यात काही उपयोग झाला नाही. त्याच्या पंधरा वर्षे आधी, २६ जुलै २००५ रोजी, आपत्तीचे स्वरूप निराळे होते. सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, लोकल गाड्या ठप्प झाल्या, रस्ते पाण्याखाली गेले, वीज गेली. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण येथे घराघरांत व दुकानांत पाणी शिरले आणि साठविलेले धान्यच भिजून वाया गेले.

पहिल्या प्रकारात बाजार बंद, पण चूल चालू असते. दुसऱ्यात चूलही बंद. तिसऱ्यात साठाच नष्ट होतो. याखेरीज एक चौथी आपत्ती आहे, ती वृत्तपत्रांत येत नाही. परंतु आपल्या चिकित्सालयांत ती सर्वांत अधिक वेळा येऊन बसते. घरातील मिळवत्या माणसाची नोकरी जाणे किंवा त्याने दीर्घकाळ अंथरूण धरणे, ही ती आपत्ती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांत कंत्राटी काम करणाऱ्यांच्या आणि घरकाम करणाऱ्या भगिनींच्या कुटुंबांत उत्पन्न थांबले की प्रथम डाळ, मग तूप-तेल आणि शेवटी रात्रीचे जेवण कमी होते. अशा घरातील बालकास आपण बल्य योग लिहून देतो तेव्हा काय साधतो, याचा विचार आम्हांस वारंवार पडतो. तीस दिवसांचे धान्य घरात असणे हे अशा कुटुंबास कोणत्याही रसायनाहून मोठे रसायन आहे.

नित्यसेवनीय तेच संग्राह्य

आपत्कालीन अन्न म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर नूडल्सची पाकिटे, बिस्किटे, डबाबंद पदार्थ येतात. घाबरून केलेल्या खरेदीत याच वस्तू प्रथम उचलल्या जातात. त्या महाग असतात, आणि कुटुंबास त्यांचे सात्म्य नसते. हितकर बदलही क्रमाक्रमाने, पादांशाने करावा असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सांगितले आहे. आधीच भय, जागरण आणि चिंता यांनी अग्नी विषम झालेला असताना एकाएकी संपूर्ण आहार बदलणे हे अजीर्णास दिलेले निमंत्रण होय. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ज्यांच्या घरी आहेत, त्यांना परदेशातून मदत म्हणून आलेली तांबडी ज्वारी, म्हणजे ‘मिलो’, आठवत असेल. लोकांनी ती खाल्ली, कारण दुसरे काही नव्हते. परंतु तिचे नाव आजही तोंड वाकडे करूनच घेतले जाते. त्याच काळात दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी मात्र पुष्कळांच्या आठवणीत गोड राहिली आहे. भूक दोन्हींनी भागविली. परिचित अन्नाने मनासही आधार दिला.

मात्राशितीय अध्यायात चरकाचार्यांनी नित्य सेवन करण्यास योग्य अशा द्रव्यांची एक छोटी सूची दिली आहे. षष्टिक, शाली, मुद्ग, सैंधव, आमलक, यव, आंतरिक्ष जल, पय, सर्पी, जांगल मांस आणि मधु ही ती द्रव्ये. ही सूची संग्रहाच्या दृष्टीने पुन्हा वाचावी. पय, मांस आणि पावसाचे पाणी वगळता उरलेली बहुतेक सर्व द्रव्ये कोरड्या जागी महिनोन्महिने टिकणारी आहेत. आवळाही वाळवून, चूर्ण वा मोरावळा करून टिकतो. याच संदर्भात वाळविलेले मांस आणि शुष्क शाक यांचे सेवन त्यांच्या गुरुत्वामुळे सतत करू नये असेही सांगितले आहे. आम्हांस यातून एक व्यवहार्य सूत्र मिळते. रोजचे जे हितकर अन्न, त्याचाच साठा थोडा अधिक ठेवावा. आपत्काळासाठी निराळे अन्न शोधू नये. खर्चही याच मार्गाने कमी होतो, कारण साठ्यातील कण न् कण नित्याच्या स्वयंपाकात वापरला जातो आणि मुदत संपली म्हणून काही फेकावे लागत नाही.

शुष्क शाक आणि शुष्क मांस यांविषयीच्या निषेधाचा अर्थ मात्र तारतम्याने घ्यावा. दिवाळे, सारसोळे, करावे यांसारख्या आपल्या खाडीकाठच्या मूळ गावांतील आगरी-कोळी भगिनी पावसाळ्यापूर्वी जवळा, बोंबील, सुकट वाळवून ठेवतात. समुद्रातील मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा हाच त्यांचा प्रथिनांचा आधार. पिढ्यान्पिढ्यांचे हे सात्म्य मोडण्याचा सल्ला देऊ नये. मिठाचा अंश तेवढा लक्षात आणून द्यावा आणि ‘नित्य’ व ‘नैमित्तिक’ यांतील भेद समजावून सांगावा.

जुने कोणते, नवे कोणते

धान्य एक वर्ष जुने झाले की लघु होते, हे आपल्या सर्व संहितांना मान्य आहे. नवे धान्य अभिष्यंदी व गुरु. औषधी कर्मात द्रव्ये नवीच वापरावीत असा नियम सांगून शार्ङ्गधराचार्यांनी त्यास अपवाद म्हणून विडंग, पिप्पली, गूळ, धान्य, तूप आणि मध यांची नावे दिली आहेत. सहांपैकी चार स्वयंपाकघरातील वस्तू आहेत हे लक्षणीय होय.

तथापि ‘जुने ते सोने’ हा न्याय सरसकट लावू नये. भावप्रकाशात एक सूक्ष्म भेद केलेला आहे. एक वर्ष ठेवलेले धान्य आपले गुरुत्व सोडते, पण वीर्य सोडत नाही; त्यापुढे मात्र वीर्यही क्रमाने घटू लागते. शिवाय यव, गोधूम, तीळ आणि माष ही चार नवीच हितकर. जुनी झाली की विरस आणि रूक्ष होतात. संग्रह करणाऱ्यास याहून उपयुक्त मार्गदर्शन क्वचितच मिळेल. याचा अर्थ असा की तांदूळ, ज्वारी, मूग, कुळीथ यांचा वर्षभराचा साठा करण्यास हरकत नाही. गहू वर्षाच्या आत संपवावा. तीळ आणि उडीद तीन-चार महिन्यांपुरतेच घ्यावेत. तीळ व शेंगदाणे स्नेहयुक्त असल्याने त्यांना खवट वास येतो, हा तर गृहिणींचा नित्याचा अनुभव.

दुसरा भेद पिठाचा. शार्ङ्गधराचार्यांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर क्षीण होते आणि गुटी व अवलेह वर्षभर टिकतात असे सांगितले आहे. हे औषधांविषयीचे वचन आहे. परंतु दळल्याने द्रव्याचा वायूशी संपर्क वाढतो हे कारण पिठासही लागू पडते. बाजरीचे पीठ तर आठवड्यातच कडवट होऊ लागते. म्हणून साठा अख्ख्या धान्याचा असावा, पीठ पंधरा दिवसांचे. वीज नसेल तेव्हा गिरणी चालणार नाही, हा आक्षेप योग्य आहे. त्यासाठी साठ्यात तांदळाचे प्रमाण इतरांहून अधिक धरावे, म्हणजे दळणावर अडून राहावे लागत नाही. घरी जुने जाते असेल तर ते भंगारात देऊ नये.

तुपाविषयी एक खुलासा आवश्यक वाटतो. पुराण घृत हे उन्माद-अपस्मारादी व्याधींतील औषध आहे. डब्याच्या तळाशी राहून खवट झालेले तूप म्हणजे पुराण घृत नव्हे, आणि ते मुलांच्या भातावर वाढू नये. आमच्या ऐकण्यात हा युक्तिवाद एकापेक्षा अधिक वेळा आला आहे, म्हणून येथे नोंदविला.

साठा फिरता ठेवण्याची कल्पनाही आपल्याकडे जुनीच. कौटिल्याने कोष्ठागाराच्या प्रकरणात संग्रहाचा अर्धा भाग प्रजेच्या आपत्काळासाठी राखून अर्धा वापरावा आणि जुन्याच्या जागी नवे भरत जावे असे सांगितले आहे. आज दुकानदार ‘आधी आलेला माल आधी बाहेर’ म्हणतात ते हेच. प्रत्येक डब्यावर महिना व वर्ष लिहिलेली कागदाची पट्टी चिकटविली की घरातील कोणासही हा नियम पाळता येतो.

हिशेब

दोन प्रौढ आणि दोन मुले अशा कुटुंबाचा तीस दिवसांचा हिशेब आम्ही पुढीलप्रमाणे धरतो. माणशी सरासरी ३५० ग्रॅम धान्य, ७० ग्रॅम डाळी-कडधान्ये, २५ ग्रॅम तेल-तूप, २० ग्रॅम गूळ आणि २० ग्रॅम शेंगदाणे. यातून माणशी सुमारे १,८५० किलोकॅलरी मिळतात. बैठे काम करणाऱ्या कुटुंबास हे पुरते. अंगमेहनत करणाऱ्यास धान्य दीडपट धरावे. महिन्याची बेरीज अशी होते : धान्य ४२ किलो (तांदूळ १८, गहू १४, ज्वारी-नाचणी १०), डाळी-कडधान्ये साडेआठ किलो (अख्खे मूग ३, तूरडाळ ३, उरलेले मसूर, हरभरा वा कुळीथ), तेल-तूप ३ किलो, गूळ आणि शेंगदाणे प्रत्येकी सुमारे अडीच किलो, मीठ १ किलो. याखेरीज हळद, जिरे, हिंग, सुंठ, ओवा, कोकम किंवा चिंच आणि वाळविलेला आवळा. भाजी न मिळाल्यास आवळा आणि मोड आणलेले मूग ही क जीवनसत्त्वाची सोय. अख्खे मूग घेण्याचे हेच एक प्रमुख कारण, कारण डाळीस मोड येत नाहीत.

हा साठा एकदम विकत घेण्याची कोणावरही सक्ती नाही. सहा महिन्यांत तो पूर्ण करायचा तर दरमहा नेहमीच्या वाणसामानात ७ किलो धान्य, दीड किलो डाळ, अर्धा किलो तेल आणि गूळ-शेंगदाणे प्रत्येकी ४०० ग्रॅम एवढीच भर पडते. इतकेही झेपत नसेल तर पहिले लक्ष्य सात दिवसांचे ठेवावे : १० किलो धान्य आणि २ किलो डाळ. ज्याच्याकडे सात दिवसांचे आहे, त्याच्यावर आठव्या दिवशी उसने मागण्याची वेळ येईल; पण पहिल्या दिवशी तर येणार नाही.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. ज्या रुग्णांकडे अशी शिधापत्रिका आहे त्यांनी धान्य उचलले की नाही, हे विचारण्यास वैद्याने संकोच करू नये. चार माणसांच्या प्राधान्य कुटुंबाने मिळणाऱ्या २० किलोंतून दरमहा दोन किलो बाजूला ठेवले तरी वर्षाअखेरीस २४ किलोंचा साठा होतो, आणि पैसा खर्च झालेला नसतो.

विकत घेणाऱ्यांनी हंगाम पाळावा. गहू मार्च-एप्रिलनंतर, नवा तांदूळ नोव्हेंबरपासून, तूर जानेवारी-फेब्रुवारीनंतर, गूळ हिवाळ्यात. जुना तांदूळ दुकानातून जास्त दराने घेण्यापेक्षा नवा स्वस्त घेऊन घरी जुना करणे परवडते. वाशीच्या दाणा बाजारात गोणीने माल घेतल्यास किरकोळ दरापेक्षा बचत होते. एका घरास गोणी जड जात असेल तर सोसायटीतील चार-पाच घरांनी मिळून घ्यावी. वाहतूक आणि हमाली वाटली जाते. तुकडा तांदूळ, म्हणजे कणी, पुष्कळ स्वस्त असते. पेया, विलेपी, खिचडी यांस ती उत्तमच, मात्र तिला कीड लवकर लागते, म्हणून ती साठ्यात न ठेवता नित्याच्या वापरात संपवावी व वाचलेल्या पैशांत अख्खा तांदूळ साठवावा.

साठवण : आपल्या हवेतील खरी अडचण

देशावरच्या कोरड्या हवेत धान्य कणगीत वा पेवात टिकते. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. २००५ च्या कृष्णेच्या पुरात त्यांचीही हानी झाली. कोकणात भात गवताच्या मुड्यांत बांधून ठेवण्याची पद्धत होती आणि माजघरातील चुलीचा धूर त्यास कोरडे ठेवी. नवी मुंबईच्या सदनिकेत चूल नाही, माजघर नाही, आणि खाडीकाठची हवा पावसाळ्यात ऐंशी टक्क्यांहून अधिक आर्द्र असते. कोरडे धान्यही अशा हवेतून ओल शोषून घेते. ओल, मग बुरशी, मग टोके-पोरकिडे-जाळ्या हा क्रम ठरलेला आहे. म्हणून आपल्याकडे संग्रहाचे यश जवळजवळ सर्वस्वी हवाबंद डब्यावर आणि डबा भरण्याच्या दिवसावर अवलंबून आहे.

भरण्याचा काळ चैत्र-वैशाख. धान्य निवडून, चाळून दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ थरात वाळवावे. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला तर तो वाळला, चेपला तर ओल आहे. उन्हातून काढलेले गरम धान्य तसेच डब्यात भरू नये. आत वाफ धरून झाकणाखाली पाणी सुटते. रात्रभर सावलीत गार होऊ द्यावे. तांदळास मात्र कडक ऊन दाखवू नये, दाण्यास चिरा पडून कणी होते. तो सावलीत पसरावा. डबा काठोकाठ भरावा. आत हवा जितकी कमी, तितकी कीड गुदमरून मरण्याची शक्यता अधिक.

डब्यांवर फार खर्च नको. किराणा दुकानात तेलाचे १५ किलोंचे रिकामे पत्र्याचे डबे स्वस्तात मिळतात. सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळविले की झाकणाच्या कडेने पट्टी लावून ते हवाबंद करता येतात. डाळींसाठी पिण्याच्या पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या धुऊन कोरड्या करून वापराव्यात. एका बाटलीत दीड किलोच्या आसपास डाळ मावते, आणि एखाद्या बाटलीस कीड लागली तरी बाकीच्या सुरक्षित राहतात. रसायने, रंग वा औषधे आलेली पिंपे कितीही स्वच्छ दिसली तरी अन्नासाठी घेऊ नयेत. ४२ किलो धान्यास पंचावन्न-साठ लिटरची जागा लागते. ती पलंगाखाली सहज होते. तळमजल्यावर आणि बैठ्या घरांत राहणाऱ्यांनी मात्र साठा माळ्यावर ठेवावा. पुराच्या पाण्यात भिजलेले धान्य वाळवून खाण्याचा मोह होतो; त्या पाण्यात मलमूत्र आणि उंदरांचे मूत्र मिसळलेले असते, ते धान्य टाकून द्यावे हाच सल्ला निःसंदिग्धपणे द्यावा.

कीडनिवारणाचे घरगुती उपाय आपल्या परिचयाचे आहेत. तूरडाळ व गहू यांस एरंडेलाचे बोट लावणे (किलोस चहाचा एक लहान चमचा पुरतो), सावलीत वाळविलेला कडुनिंबाचा पाला थराथरांत घालणे, कडधान्यांत चाळलेली राख मिसळणे, वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवणे. काही भागांत बिब्बे टाकण्याची रीत आहे. भल्लातकाने त्वचेवर होणारा दाह आपण जाणतोच. मुले असलेल्या घरात तो उपाय सुचवू नये. निंब आणि वेखंड किडीस दूर ठेवतात, पण आधीच दाण्यात घातलेली अंडी मारीत नाहीत. त्यासाठी ऊन, किंवा थोडा माल असल्यास शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात तीन-चार दिवस ठेवणे हे अधिक भरवशाचे. पिशवी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानास येईपर्यंत उघडू नये.

आता दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत मांडणे प्राप्त आहे. औषधालय चालविणाऱ्या सभासदांचा त्यांच्याशी थेट संबंध येतो.

धान्यात ठेवण्यासाठी पारदाच्या गोळ्या वा टिकिया बाजारात मिळतात. त्या ‘आयुर्वेदिक’ म्हणून मागितल्या जातात आणि काही औषधालयांतून विकल्याही जातात. ग्राहकाच्या मनात तर्क असा असतो की पारद ज्याअर्थी रसौषधींत आहे, त्याअर्थी तो निर्धोक. रसशास्त्राचा अभ्यासक हा तर्क क्षणभरही मान्य करणार नाही. अशोधित पारदाच्या दोषांत विष हा दोष स्वतंत्रपणे गणला आहे आणि चांचल्यही गणले आहे. शोधन, मूर्च्छनादी संस्कारांवाचून पारद औषधात येत नाही, आणि संस्कारित झाला तरी तो वैद्याने मात्रा ठरवून द्यावयाचा असतो. पारद साध्या तापमानासही वाफेच्या रूपाने निसटत राहतो. बंद डब्यात, ज्या धान्यातून घरातील गर्भिणी आणि बालके रोज जेवणार, त्यात तो वर्षभर ठेवणे आम्हांस सर्वथा त्याज्य वाटते. विक्रीतून मिळणारा नफा किरकोळ आहे. त्यासाठी आपल्या शास्त्राचे नाव अशा वस्तूवर राहू देऊ नये. आमच्या मते सभासदांनी ही विक्री थांबवावी व ग्राहकास एरंडेल आणि कडुनिंब द्यावा. बोरिक पावडर तांदळास चोळण्याची पद्धतही याच कारणाने सोडावी. कितीही धुतले तरी ती पोटात जाणार नाही याची खात्री देता येत नाही.

दुसरी वस्तू याहून भयंकर. गोदामांत धुरी देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्यांना लोक सल्फासच्या गोळ्या म्हणतात, ओळखीने घरी आणल्या जातात. हवेतील ओलीने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. बंद खोलीत निजलेल्या कुटुंबास तो प्राणघातक ठरतो. त्यांचा वापर प्रशिक्षित व्यक्तींपुरताच मर्यादित आहे. रुग्णाच्या घरी धान्य साठविले जाते असे कळले तर ‘डब्यात काय घालता?’ हा प्रश्न विचारावाच.

चूल पेटली नाही तर

पहिल्या तीन दिवसांसाठी न शिजविता खाता येईल असे अन्न निराळे काढून ठेवावे : पोहे, चुरमुरे, लाह्या, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खजूर आणि सातूचे पीठ. सक्तूचे तर्पण हे आपल्या ग्रंथांतील तात्काळ बलदायी अन्न आहे; पाणी आणि गूळ एवढ्यावर ते सिद्ध होते. पीठ असल्याने ते दोन महिन्यांहून अधिक ठेवू नये. मेतकूटही याच वर्गातले. पाणी माणशी रोज किमान ३ ते ४ लिटर धरावे, म्हणजे चौघांस तीन दिवसांचे ४० लिटरच्या आसपास. सोबत क्लोरीनचे थेंब. पुरानंतर छर्दी-अतिसार वाढतात. तेव्हा लाजमंड आणि मुद्गयूष यांची योजना आपण करूच, परंतु क्षारसंजीवनीची पाकिटेही घरात असावीत. जलक्षय झालेल्या बालकात या दोहोंपैकी एकाचाच आग्रह धरणे शहाणपणाचे नाही.

इंधनाची बचत हाही अल्पव्ययाचाच भाग. कडधान्ये रात्री भिजविल्याने, आणि एक उकळी आणून भांडे जाड कापडात गुंडाळून ठेवल्याने गॅस पुष्कळ वाचतो. भात व मूग एकत्र शिजविले की एका भांड्यात कृशरा होते, आणि चौघांचे पोट भरते.

रुग्णांच्या घरचा साठा

येथे वैद्याचे काम किराणा दुकानदाराच्या पुढे जाते. साठविलेल्या अन्नाचा कल लवण, मधुर आणि रूक्ष यांकडे असतो. पिप्पली, क्षार आणि लवण यांचा अतियोग टाळावा असे चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात बजावले आहे. पापडात पापडखार, लोणच्यात मीठ, सुकटीत मीठ. भाजी नसताना जेवण त्यांच्यावरच चालते, आणि रक्तदाबाच्या व वृक्कविकारांच्या रुग्णांस ते बाधते. त्यांच्या घरी कोकम, आमसूल आणि आवळा यांचे प्रमाण वाढवून लोणची-पापड कमी करावेत. प्रमेही रुग्णांस जव, ज्वारी, नाचणी, मूग व कुळीथ अधिक आणि तांदूळ जुनाच सुचवावा. आपत्काळात जेवणाच्या वेळा चुकतात, तेव्हा औषध अथवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलेल्या रुग्णाची साखर एकदम उतरते. गुळाचा खडा किंवा साखर त्याच्या हाताशी असावी, हे त्यास आणि घरच्यांस दोन वेळा सांगावे. एक वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये. साठ्यात मध आहे म्हणून आजी प्रेमाने चाटविते, तेव्हा तिलाही हे सौम्यपणे समजावून सांगावे लागते.

नित्याची औषधेही किमान पंधरा दिवसांची शिल्लक असावीत. मार्च-एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत ज्यांची औषधे संपली त्यांना दुकानांच्या रांगेत उभे राहण्यावाचून मार्ग नव्हता. औषधालयांनी आपल्या नोंदवहीतून दीर्घकालीन रुग्णांची यादी वेगळी काढून वैशाखातच त्यांना आठवण द्यावी. चूर्णे मात्र एकदम तीन महिन्यांची देऊ नयेत. पावसाळ्यात त्यांचे गोळे होतात. त्याऐवजी गुटी-वटी स्वरूप शक्य तेथे निवडावे.

पावसाळा सरल्यावर, आश्विनातील कडक उन्हात, साठा एकदा पूर्ण उघडून पाहावा. शेंगदाणे चाखून खवट वा कडू लागले, अथवा त्यांवर हिरवट-काळी बुरशी दिसली, तर निवडून वापरण्याच्या भानगडीत न पडता ते सर्व टाकून द्यावेत. त्या बुरशीचे विष यकृतास घातक असते आणि भाजल्यानेही पुरते नाहीसे होत नाही. गव्हात दोन-चार टोके दिसले तर चाळून, ऊन देऊन तो दिवाळीपूर्वी दळून संपवावा. तांदूळ सुका असल्यास पुन्हा बंद करून ठेवावा, आणि रिकाम्या झालेल्या डब्यांवरील जुन्या पट्ट्या काढून नव्या महिन्याच्या पट्ट्या लावाव्यात.